निरोगी क्रमांक एकोणीस

४ मार्च

पास झालो! आयुष्यात पहिल्यांदा.

संशोधन केंद्रात दारांवरच्या पाट्या रंगवायचं काम चालू आहे. 'यकृत विभाग' लिहून होत आलं होतं, तेवढ्यात मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज — "पाटीवाले, दारू पिता?" मी एवढा दचकलो की ग तिरका झाला. "नाही हो!" सिगारेट? नाही. कधी कावीळ? नाही. व्यायाम? तोही नाही. तर म्हणाल्या, "मग उतरा शिडीवरून. अगदी तुमच्यासारखाच माणूस हवाय."

मला समजलं ते असं. यकृत बिघडलं की रक्तात काही खुणा दिसतात, एन्झाइम वाढतात. पण तोवर उशीर झालेला असतो. बाईंना त्याच्याही आधीची खूण शोधायची आहे. म्हणून आजारी माणसांचं रक्त आणि निरोगी माणसांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून बघतात. दर पंधरवड्याला, सहा महिने. पहिलं रक्त आजच घेतलं. मी निरोगी गटात! कार्डही मिळालं — 'निरोगी १९'. (ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं. तपासलं.)

आठवीत शाळा सुटल्यापासून मला कोणी कशासाठीच निवडलेलं नाही.

आईने कार्ड फ्रिजवर लावलं. दादा म्हणाला, "बारक्या, आजारी गटात जागा आहे का बघ. माझी शिफारस कर." दादा गॅरेजमधून येताना रोज बाटली घेऊन येतो आणि आपल्या खोलीत बसतो. त्यामुळे आई जेवताना त्याच्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही.

६ मार्च

झोप लागत नाही. निरोगी म्हणून निवडलं आणि मी चार पायऱ्या चढलो की धापा टाकतो! कोणी बघितलं तर?

७ मार्च

सकाळी सगळे उठायच्या आत बैठका काढायला सुरुवात. वीस काढल्या. एकविसाव्या वेळी खाली गेलो तो खालीच राहिलो.

१७ मार्च

उद्या दुसऱ्यांदा रक्त. परीक्षेच्या आदल्या दिवशी जास्त अभ्यास करतात, म्हणून आज जास्त बैठका. दीडशे! शेवटी धाडकन पडलो. खालून दादा ओरडला, "काय पाडलंस रे?" मी म्हणालो, "काही नाही, डबा!"

१८ मार्च

रक्त दिलं. फॉर्मवर प्रश्न होता — सवयींत काही बदल? 'नाही' लिहिलं. बैठकांचं लिहिणार होतो, पण कॉपी करून पास झाल्यासारखं वाटलं. खऱ्या निरोगी माणसाला निरोगी राहायला कष्ट पडत नसणार.

२० मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. "पाटीवाले, एन्झाइम वाढलेत." मी म्हणालो, "आभारी आहे!"

आईला सांगितलं तर तीही खूश. "वाढणारच! मी म्हणतच होते, आताशा तुझ्या अंगी लागतंय." मग मला बाईंचं पुढचं बोलणं नीट आठवलं आणि मी खुर्चीत बसलो. वाढले म्हणजे वाईट. मार्कांसारखं नाही ते. उलटं आहे.

बाईंना थिनरचा संशय आहे. रंगाचे वास वर्षानुवर्षं यकृताला सोसत नाहीत म्हणे. पुढच्या वेळेपर्यंत थिनर बंद. आकडे उतरले नाहीत तर माझी बदली आजारी गटात! आणि थिनर कायमचा बंद म्हणजे ऑइलपेंट बंद. मग मी काय, खडूने पाट्या लिहू?

२१ मार्च

घाबरून चालणार नाही. एन्झाइम उतरवायचे तर मेहनत वाढवली पाहिजे. आजपासून खांद्यावर रंगाचा भरलेला डबा घेऊन बैठका.

२६ मार्च

मांड्यांना हात लावला तरी जीव जातो. जिना सरळ उतरताच येत नाही. उलटा उतरलो तर जमतं, कठडा धरून. आज अर्ध्यात आलो आणि बघतो तर खाली आई उभी. तसाच उलटा उतरून तिच्या बाजूने गेलो.

१ एप्रिल



आई हट्टाने केंद्रात सोबत आली. सकाळी रक्त घेतलं, दुपारी बाईंनी दोघांनाही आत बोलावलं. एन्झाइम आधीच्या दुप्पट! त्यात दोन प्रकारचे असतात. पिणाऱ्या माणसाचा जो जास्त वाढतो, तोच माझा जास्त वाढलाय. बाईंनी चष्मा काढला. "खरं सांगा. घेता ना?"

मी "नाही" म्हणालो, पण माझा आवाज असा निघाला की मलाच खरं वाटलं नाही.

घरी पोचताच आईने दार लावलं आणि म्हणाली, "तोंड उघड." वास घेतला. मग थेट माझ्या खोलीत. पलंगाखाली थिनरची बाटली! झाकण उघडून हुंगली आणि मटकन बसलीच. "हे पितोस?"

"आई, तो थिनर आहे!"

"तेच विचारतेय!"

मग एकेक जुळवत गेली. सकाळी सकाळी वरच्या खोलीत धडपडल्याचे आवाज. भिंत धरून चालणं. उलटा जिना उतरणं. मीसुद्धा ऐकता ऐकता म्हटलं, हा माणूस पितो खास.

बैठकांचं सांगायला तोंड उघडलं होतं. पण सांगितलं तर कॉपी करणारा, नाही सांगितलं तर दारुडा. ठरेना. तोवर आई उठून गेली.

२ एप्रिल

फ्रिजवरचं कार्ड गेलं. जेवताना आई माझ्याशीही बोलली नाही. दादा नि मी शेजारी शेजारी, मान खाली घालून.

दादा हळूच म्हणाला, "पण सकाळी रे? अरे, मीसुद्धा अंधार पडल्याशिवाय बाटलीला हात लावत नाही. काही शिस्त?"

५ एप्रिल

संध्याकाळी दादा माझ्या खोलीत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दार वाजवून. पलंगावर बसला. किती वेळ रंगाच्या डब्यांवरची नावं वाचत होता.

"माझं बघून शिकलास ना?"

"दादा, मी खरंच—"

"गप. 'मी खरंच' मीही खूप म्हणायचो. ऐक. आजपासून तू नाही, मीही नाही. तू घेतलीस तर मी घेणार. तू थांबलास तर मी थांबलो. बोल!"

मी मान हलवली. खाली जाऊन त्याने आपली बाटली मोरीत ओतली. मला उभं करून, साक्षीदार म्हणून. त्यावर माझा थिनरही ओतला. नवाकोरा होता. घरभर असा वास सुटला की आई धावत आली. दाराशीच थांबली. रिकाम्या बाटल्यांकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. वासामुळे असेल.

८ एप्रिल

बाईंनी पुन्हा बोलावलं होतं. बदलीच्या कागदावर सही हवी — निरोगी १९ आजारी गटात. सही करताना पेन खाली पडलं. उचलायला वाकलो, अर्ध्यात अडकलो. "आई गं!"

"काय झालं?"

"काही नाही. पेन तिथेच असू दे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "उभे राहा. आता खाली बसा." बसलो. "उठा." उठता येईना. टेबलाचा पाय धरून मी सगळं सांगून टाकलं. बैठका (आज पहाटेच्याही), डबा, परीक्षेच्या आदल्या दिवशीचा अभ्यास. फॉर्मवर खोटं लिहिलं तेही.

बाई हसू लागल्या. आधी बारीक, मग चष्मा काढून, मग टेबलावर डोकं टेकून. ते एन्झाइम यकृतात असतात तसे स्नायूंमध्येही असतात! मांड्या ठेचून काढल्या की तेही रक्तात उतरतात. खात्री करायला आणखी एक नळी रक्त घेतलं. बदलीचा कागद फाडला. "पाटीवाले, आता बारा दिवस निवांत बसा. हेच औषध."

मी विचारलं, "निवांत कसं बसतात?" त्या पुन्हा हसायला लागल्या.

१३ एप्रिल

दादाचे हाल आहेत. चिडतो, घाम पुसतो, चहा पीत सुटतो. संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन उभा राहतो. "तुला कसं जमतं रे बारक्या?"

मी म्हणालो, "पाण्याचा घोट घ्यायचा आणि अक्षरं गिरवायची." तर शेजारी बसला आणि गिरवू लागला. भयंकर अक्षर आहे. त्याचा ळ बघवत नाही.

आज जेवताना आई त्याला म्हणाली, "भाजी घे." दोनच शब्द. दादाने तीनदा घेतली.

२० एप्रिल

सकाळी पुन्हा रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला. सगळे आकडे जागेवर! यकृत ठणठणीत, थिनरसुद्धा वापरा म्हणाल्या, फक्त खिडकी उघडी ठेवून. निरोगी १९ पुन्हा निरोगी १९! "जा, आईला दाखवा."

वाटेत वाक्यं जुळवत आलो. 'आई, तुझा मुलगा पीत नव्हता, कधीच नाही.' दाराशी पोचलो तर आतून हसण्याचा आवाज. आई आणि दादा. कसलं तरी फुटकळ बोलणं, गॅरेजमधल्या गिऱ्हाइकाचं. आई हसतेय!

दारातच चपला हातात घेऊन उभा राहिलो.

२१ एप्रिल

रिपोर्ट दाखवला नाही. दाखवला असता तर मी कधी पीतच नव्हतो, म्हणजे काही सोडलंही नव्हतं, असं झालं असतं. मग दादा कशाला थांबेल?

संध्याकाळी तो आला, पाण्याचे दोन पेले घेऊन. "कसं वाटतंय आज?"

मी हात थोडा थरथरवला. "तलफ येते," म्हणालो, "पण आवरतो."