रिकामा रस्ता

लष्कर शहर, रविवार, ऑक्टोबर १९५६

किल्ल्याचं नवं चित्र आज धाकट्या भावाला दाखवलं. म्हणाला, "दादा, हे तर फार उदास आहे." मी चिडलो. सकाळचं कोवळं ऊन आहे, उदास कुठलं? तो म्हणाला, "रस्त्यावर माणूस नाही एकही."

खरंच की. दरबारी चितारी होतो तेव्हा रस्ता रिकामाच सोडायचो. सवारी कुणाची काढायची, त्याचा हुकूम मागाहून यायचा. दरबार गेला, आणि हात अजून हुकमाची वाट बघतोय?

ही म्हणाली, "मग भावजींचा टांगा काढा. परवा बदलीवर भोपाळला चाललेत."

संध्याकाळी त्या रस्त्यावर टांगा काढला. स्टेशनाकडे जाणारा काढायला बसलो होतो. घराकडे येणारा काढला.