वन्संचं घुबड

४ मार्च, सोमवार

पट्टू आपल्या खोऱ्यात आला की नाही? — हाच प्रश्न डोक्यात घेऊन उठले. दूध उतू गेलं. हे म्हणाले, "घुबडाच्या नादात घर जाळशील एक दिवस." शेगडी ह्यांनीच पुसली, म्हणून गप्प बसले.

पट्टू म्हणजे पट्टेरी घुबड. थोराड, छातीवर उभे तपकिरी पट्टे, आवाज असा की खालून जाणारा दचकलाच पाहिजे. पूर्वी हे फक्त पलीकडच्या सपाटीवर असायचं. माणसांनी रस्त्यांच्या कडेने झाडं लावली आणि हे महाराज एकेक झाड धरत इकडे सरकले. आमच्या वनखात्याच्या ऑफिसच्या भिंतीवर नकाशा आहे. जिथे पट्टू ऐकू आला तिथे लाल टाचणी. मी नोकरीला लागले तेव्हा सगळ्या टाचण्या एका कोपऱ्यात होत्या. आता नकाशा गोवर आल्यासारखा दिसतो. खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुक वाटतं. कोण सांगतं ह्याला, की पुढे जा, पुढेही झाडं आहेत?

पण आमच्या ओढ्याकाठच्या राईत ठिपकी आहे! ठिपकेदार घुबड — लहानखुरं, लाजरं, मूळचं इथलंच. खोऱ्यात आता ही एकच मादी उरली. आणि पट्टू जिथे जिथे गेला तिथून ठिपकेदार घुबडं हुसकावली गेली. म्हणून साहेबांचा नियम: एका खोऱ्यात दोन वेगवेगळ्या माणसांनी पट्टू ऐकला की तो 'वसला' असं धरायचं. आणि 'वसला' म्हटलं की त्याला टिपायला बंदूकवाला येतो.

७ मार्च

न्हाणीघरात सराव. बाहेरून हे — "अगं, पोटात कळ आली का?"

हसतात तर हसू देत. आमच्याकडे हाक वाजवायचं यंत्र नाही, तोंडानेच हाक घालायची. परका आवाज पट्टूला खपत नाही, तो लगेच उलट उत्तर देतो. आपण हू म्हणायचं, थांबायचं, कान द्यायचे. काम एवढंच. पण माझा शेवटचा 'हूऽ' अजून घरंगळतो.

९ मार्च

खोऱ्याच्या मधोमध टेकडी आहे. अलीकडे मी जाणार, पलीकडे जायला माणूस मिळेना. शेवटी वन्सं तयार झाल्या. कान तिखट, आवाज खणखणीत — जन्मभर वर्गावर ओरडल्यात! एका दुपारीत त्यांनी हाक अशी उचलली की मलाच लाज वाटली. वर मला म्हणतात कशा, "तुझा दुसरा हू आखूड पडतो."

त्यांचा वार बुधवार, माझा गुरुवार.

१४ मार्च, गुरुवार

ऐकला! ऐकला! ऐकला!

दिवस बुडता बुडता राईपाशी उभी राहिले. हाक घातली. काही नाही. पुन्हा घातली. आणि टेकडीपलीकडून — हूऽ हू-हू हूऽऽ! अंगावर काटा आला. मी हू, तो हू. मी जरा चढा लावला, तर त्यानेही चढा लावला. आवाज थोडा घोगरा होता, म्हातारा असावा. पण खमका. माघार घेईना!

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. जोडे काढताना ठिपकीची आठवण झाली आणि सगळा आनंद उतरला.

१५ मार्च

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, "तुमच्या वन्संचाही निरोप आहे. त्यांनीही ऐकला. तरुण वाटला, म्हणतात, जरा आगाऊ."

म्हणजे दोन माणसं झाली. वसला. साहेबांनी तिथल्या तिथे बंदूकवाल्याला फोन लावला. म्हातारा एक, तरुण एक — म्हणजे दोन आलेत की काय? मीच शोधायचा, मीच मारायला लावायचा.

१७ मार्च, रविवार

काय सांगू! कुठे तोंड लपवू!

वन्सं जेवायला आल्या होत्या. घुबडाशिवाय दुसरा विषयच नव्हता. मी म्हटलं, "माझा गुरुवारी बोलला." त्या म्हणाल्या, "माझाही गुरुवारीच." मी म्हटलं, तुमचा वार तर बुधवार! "बुधवारी डोळे तपासायला गेले होते. म्हटलं, उद्या जाऊ. त्यात तुला काय सांगायचं?"

मग ह्यांनी ताटात चमचा ठेवला. "म्हणजे तू इकडून हू केलंस... ताईने तिकडून हू केलं..." पुढचं बोलवेना. हसता हसता ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"तरीच!" वन्सं म्हणाल्या. "म्हटलं, हे घुबड एवढं हुज्जत काय घालतंय!"

"मी तुम्हाला म्हातारा ठरवलं हो, वन्सं!"

"आणि मी तुला आगाऊ. माझं काही चुकलेलं नाही."

मग दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं. लग्नानंतर आम्ही एवढा वेळ एकमेकींशी बोललो ते त्या गुरुवारीच. तेही घुबडांच्या भाषेत.

१८ मार्च

साहेबांपुढे उभं राहून सगळं सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. मग आमच्या खोऱ्यातल्या टाचण्या उपटल्या, बंदूकवाल्याला नको म्हणून कळवलं. वळून म्हणाले, "मग खोऱ्यात पट्टू नाही, असं तुमच्या सहीने लिहू ना? नक्की?"

नक्की, म्हटलं. त्यानंतर दोघी मिळून, ठरवून, सगळं खोरं पालथं घातलं होतं म्हणावं, तर तसं नाही. ऐकलं होतं ते आम्ही आम्हालाच. पण सही केली. हायसं वाटलं.

२ एप्रिल

ऑफिसचा ड्रायव्हर अजून मला बघितलं की हू करतो. मेला!

२१ एप्रिल

ठिपकी बसली! राईतल्या पोकळ झाडात, तोंड तेवढं दिसतं. म्हणजे अंडी आहेत. म्हणजे नर आहे! कुठून आला हा? आजूबाजूच्या खोऱ्यांत तर ठिपकेदार नर ऐकल्याला वर्षं लोटली. कुठून कुठून उडत आला असेल, तिची शीळ ऐकत? दिवसभर तेच डोक्यात.

साहेब फोनवर चक्क ओरडलेच. "तुमच्या शब्दावर बंदूक थांबवली, बरं झालं!"

१२ मे

पिल्लं आहेत. चिरचिर ऐकू येते. वन्सं आणि मी रोज दुपारी लांबूनच बघतो. त्या थर्मास आणतात, मी बिस्किटं. नर काही दिसत नाही. वन्सं म्हणतात, "लाजरा आहे. तुझ्या नवऱ्यासारखा, पाहुणे आले की आतल्या खोलीत." पुढच्या रविवारी पहाटेच जायचं ठरलंय.

१९ मे, रविवार

उजाडता उजाडता आला. उंदीर घेऊन. अंगाने तिच्या दीडपट. मी दुर्बीण वन्संच्या हातातून ओढूनच घेतली. छातीवर उभे पट्टे. पुन्हा बघितलं — पट्टेच! तिने त्याच्या चोचीतून उंदीर घेतला, जरा सरकून त्याला जागा दिली. मागून दोन माना वर आल्या. डोक्यावर आईचे ठिपके, छातीवर बापाचे पट्टे.

"अगं बाई!" वन्सं हळूच म्हणाल्या. "घरजावई!"

आधी हसू आलं, मग माझी सही आठवली, आणि बंदूकवाला.

आत्ता साहेबांचा फोन येऊन गेला. "काय म्हणतंय घरटं?"

"चौघंही सुखरूप आहेत," म्हटलं, आणि फोन ठेवला.