पैकी स्वतःची पावले

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
अटॅकला आज एकवीस दिवस. फिजिओथेरपिस्ट बाईंचा कार्यक्रम बारा आठवड्यांचा. रोज चालायचं, पावलं आणि नाडी तक्त्यात लिहायची, शेवटी सहा मिनिटं चालण्याची टेस्ट. पास झालो तरच कामावर. कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. नोंदींचं महत्त्व मला कुणी शिकवू नये.
बुटाची लेस फार घट्ट. उद्यापासून नक्की.

५ फेब्रुवारी
तक्ता आखला, तीन रंगांत. निम्मं काम झाल्यासारखं वाटलं.

९ फेब्रुवारी
रस्त्यावरच्या दिव्याच्या चौथ्या खांबापर्यंत गेलो. नाडी ९६. बाईंनी ११० पर्यंत परवानगी दिलीय, पण परवानगी आहे म्हणून वापरलीच पाहिजे असं नाही. परतलो.

११ फेब्रुवारी
पुढे चढ आहे का, हे आधी तपासायला हवं. पावलं आणि नाडी मोजणारं माझं घड्याळ बायकोच्या मनगटावर बांधून तिला पाठवलं. ६,२०४ पावलं. म्हणाली, सगळं सपाट आहे, रांगतं मूलसुद्धा जाईल. टोमणा नोंदवून ठेवतो.

२ मार्च
तिची पाहणी रोज चालू. मी खोटं लिहीत नाही. 'पावले : ६,८१०'. खाली बारीक अक्षरात, 'पैकी स्वतःची : १४०'. दर आठवड्याला बाईंना तक्त्याचा फोटो जातो, त्या अंगठा पाठवतात. बारीक अक्षर त्या वाचत नाहीत, यात माझा दोष आहे का? बराच वेळ विचार केला. नाही.

२० मार्च
नाडी आठ ठोक्यांनी उतरली. आनंदाने बायकोला तक्ता दाखवला. म्हणाली, अहो, ती माझी आहे.

२८ एप्रिल
टेस्ट. दुसऱ्याच मिनिटाला थांबलो. छातीत काहीही नव्हतं. भीती होती, नुसती. बाईंनी तक्ता पहिल्यांदाच डोळ्यांजवळ धरला. मग शांतपणे म्हणाल्या, तुमच्या मिसेसचं हृदय छान तयार झालंय. तुम्ही पहिल्यापासून सुरू करा. कामाचा दाखला नाही.

२९ एप्रिल, सकाळी ६.३०
बायकोला म्हटलं, आजपासून दोघं जाऊ. म्हणाली, नको. अटॅकपासून रोज तुमचा श्वास ऐकत पडते. हा एकच तास कानांना सुट्टी असते. तुम्ही तुमचे जा.
घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि गेली.

६.५०
बूट घालून बसलोय. लेस घट्टच.
पावले : ०. पैकी स्वतःची : ०.