रोजचे बत्तीस ट्रक

५ मार्च २००१, सोमवार

आजपासून रोजनिशी. टोलनाक्याच्या नोंदवहीत फक्त वेळ, नंबर आणि अ‍ॅक्सल लिहायचे, मतं लिहायची नाहीत, असं मॅनेजर इलिझोंदोसाहेबांनी बजावलं. मी एवढंच लिहिलं होतं: ‘निळा ट्रक. ड्रायव्हर कारण नसताना हसला.’ हे मत नाही, निरीक्षण आहे. वाद घातला नाही. यापुढे निरीक्षणं इथे.

आजचे ट्रक: सात.

संकल्प: पुराव्याशिवाय कोणावर संशय घ्यायचा नाही. तशीही मी संशयी नाही. नीट बघते, एवढंच.

७ मार्च, बुधवार

सहा.

रस्ता नवाकोरा, चार पदरी. सीमेवरच्या नदीच्या वरच्या बाजूच्या पुलापासून थेट हायवेपर्यंत, लारेडो गाव पूर्ण टाळून. रँचवाल्यांनी स्वतःच्या जमिनी घातल्या, बँकेचं कर्ज काढलं. तज्ज्ञांचा अहवाल सांगतो की रोज दीड हजार ट्रक येतील. अहवाल मी दोनदा वाचला. जाड कागद, रंगीत आलेख. तो चुकणं शक्य नाही. म्हणजे कोणीतरी ट्रक मध्येच वळवतंय.

कोण? गावातल्या जुन्या पुलाची माणसं. दुसरं कोण असणार?

९ मार्च, शुक्रवार

बाबांना विचारलं. तीस वर्षं ते पुलावरून ट्रेलर ओढतात. पलीकडच्या मेक्सिकोतल्या गोदामातून अलीकडच्या गोदामात, तीन मैल, की परत. म्हणाले, “नेरेइदा, पोरी, आम्हाला फेरीचे पैसे मिळतात. माल गावातल्या गोदामात सोडायचा असतो. तुमचा रस्ता गावच टाळतो. वर टोल घेतो. मी तिकडे काय ससे मोजायला येऊ?”

बाबा भाबडे आहेत. चौथी शिकलेत, मोठं चित्र त्यांना दिसत नाही. घरात डिप्लोमा केलेली मी पहिली. आईने तो भिंतीवर येशूच्या शेजारी लावलाय, बोटभर वर.

१४ मार्च, बुधवार

चार. त्यातला एक रस्ता चुकलेला.

बंद लेनमध्ये एक राखाडी पिकअप वीस मिनिटं उभी होती. नंबर घेतला, ड्रायव्हरचं वर्णन लिहिलं: पन्नाशी, टोपी, जांभया. इलिझोंदोसाहेबांना कळवलं. ते म्हणाले, “तो आपला इलेक्ट्रिशियन आहे.” असेल. पण जांभया मोजल्या मी. अकरा. एवढं थकायला त्याने केलं काय?

१८ मार्च, रविवार

जेवताना घरी सांगून टाकलं. सांगणार नव्हते. बँकेने कंपनीला पत्र दिलंय: मेअखेरपर्यंत रोजचे सरासरी तीस ट्रक दिसले नाहीत तर रस्ता जप्त, लिलाव. साहेब म्हणाले की त्याआधी माणसं कमी करावी लागतील, आणि सगळ्यात नवी मी.

आईने डिप्लोमाकडे बघितलं. बाबांचा घास थांबला.

मग बाबांनी बारीकसारीक विचारलं. तीस म्हणजे रोज? रविवारीही? (नाही, सोमवार ते शुक्रवार.) मागे ट्रेलर लागतो की नुसतं ट्रकचं मुंडकं चालतं? (तीन अ‍ॅक्सल असले की ट्रक.) जाणं-येणं वेगळं मोजता? (हो.) माझी पाळी कधी? (सहा ते दोन.)

माझ्या कामात बाबांनी पहिल्यांदाच एवढा रस घेतला. बरं वाटलं. शिक्षणाचा परिणाम घरावर हळूहळू होतो.

१९ मार्च, सोमवार

पाच. बाबा चोनकाकांच्या टायरच्या दुकानात गेलेत. चोनकाका बाबांचे जुने दोस्त, माझ्या बाप्तिस्म्यापासूनचे. टायर दाखवायचाय म्हणाले. टायर चांगला होता.

फ्रिजवर धाकटीच्या पंधराव्या वाढदिवसाची यादी लागली. केकचे पाद्रिनो चोनकाका, हॉलचे पाद्रिनो पलीकडचे मामा, बुटांचे पाद्रिनो दोघे, एकेका बुटाचा एक. पाद्रिनो म्हणजे मानाचा पालक: खर्च असा वाटायचा आणि ज्याने जे उचललं ते त्याने पार पाडायचं. बाबांचं हे नेहमीचं. काही एकट्याने पेलेना की आधी यादी.

२६ मार्च, सोमवार

एकतीस!!

साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. अहवाल बरोबर होता. सत्य उशिरा का होईना येतंच.

२८ मार्च, बुधवार

काल बत्तीस. आज बत्तीस. नेहमीचे चार-पाच वेगळे.

आनंद आहे. फक्त एक निरीक्षण: हे बत्तीस म्हणजे सगळी नुसती मुंडकी. ट्रेलर एकालाही नाही. माल नसताना टोल भरून माणूस हायवेपर्यंत का जाईल? आणि वीस मिनिटांत परत का येईल?

संशय नाही. प्रश्न आहे.

३० मार्च, शुक्रवार

बत्तीस. पावती कोणीच मागत नाही. पावती न मागणारा ट्रक ड्रायव्हर मी जन्मात पाहिला नाही. बाबा तर बर्फाच्या लादीचीही पावती मागतात.

एक मिशीवाला दिवसातून चार वेळा येतो, चारही वेळा ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो. चौथी दुपारी दीडला. आज त्याने विचारलं, “बाळा, जेवलीस का?” अनोळखी माणूस. सलगी का करतो?

नंबर स्वतंत्र वहीत उतरवायला घेतले. वही हिरवी. साहेबांना सांगितलेलं नाही.

५ एप्रिल, गुरुवार

हिरव्या वहीचा निष्कर्ष: आठ मुंडकी. प्रत्येकाच्या दोन खेपा. खेप म्हणजे एक जाणं, एक येणं. आठ दुणे सोळा, सोळा दुणे बत्तीस. रोज. अपघात नाही, आजारपण नाही, उशीर नाही. या गावात चर्चमधली मिस्सासुद्धा वेळेवर सुरू होत नाही.

साहेबांना दाखवलं. त्यांनी वही न उघडताच परत दिली. म्हणाले, “नेरेइदा, गाय दूध देत असली की तिच्या तोंडात वाकून बघू नये.” साहेबही त्यात सामील असतील का? नोंद करून ठेवते.

१८ एप्रिल, बुधवार

ईस्टर झालं. आईने मक्याच्या पिठाचे, सारण भरलेले तमालेस केले. तमालेस नाताळात करतात, एप्रिलमध्ये नाही. विचारलं तर म्हणाली, “इच्छा झाली.” सहा डझन इच्छा. आम्हाला खायला मिळाले चार.

१९ एप्रिल, गुरुवार

मिशीवाला स्टिअरिंगवर ठेवून तमालेस खात होता. वास हुबेहूब आईच्या हातचा, जिरं जरा जास्त. काचेतून सुटे देताना म्हणाला, “तुमच्या घरी सगळे बरे?”

मी काच लावून घेतली. म्हणजे आमच्या घरावर पाळत आहे. स्वयंपाकघरापर्यंत.

संध्याकाळी आईला बजावलं, मागचं दार लावत जा. आई म्हणाली, “तुला थोडी झोप काढायला हवी.” बाबा खोकले. खोकला खरा वाटला नाही.

२५ एप्रिल, बुधवार

सिद्धान्त तयार. गावातल्या पुलाच्या माणसांनी हे आठ ड्रायव्हर पोसलेत. आधी आकडा फुगवायचा, बँकेला खूश करायचं, मग एक दिवस सगळे बंद. म्हणजे रस्ता एका झटक्यात आडवा. आत्ताच उघडकीला आणलं तर बँक आपल्या बाजूने उभी राहील, चौकशी होईल, खरे दीड हजार ट्रक मोकळे होतील. आणि उघडकीला आणलं कोणी? नुकतीच लागलेली, सगळ्यात नवी.

माझी नोकरी पक्की. बढतीचा विचार आत्ताच करत नाही.

३ मे, गुरुवार

लिहू की नको.

धुणं टाकताना बाबांच्या शर्टाच्या खिशात कागद मिळाला. बाबांचं अक्षर.

‘सोमवार – ग्वेरो, मिशी, पलीकडचे तिघे भाऊ, सांतोस, टक्कल, चोनचा भाचा. मंगळवार – मिशीऐवजी रेफुखियो.’ अशी शुक्रवारपर्यंत. खाली: ‘डिझेल – चोन. जेवण – बायको. नेरेला कळू नये.’

मांडणी फ्रिजवरच्या यादीसारखीच. बाबांना दुसरी मांडणी येतच नाही.

माझे बाबा. तीस वर्षांत ज्यांनी पुलावरच्या शिपायाला एक कोकही लाच म्हणून दिला नाही. त्यांना फसवलं गेलंय. गावातल्या पुलाची माणसं किती खोल गेलीत बघा! माझ्याच घरात घुसलीत आणि कागदावर माझंच नाव.

४ मे, शुक्रवार

मिस्सेला जाऊन आले. ठरवलं: सत्य सांगायचं, बाबांचं नाव मात्र वगळायचं. ‘नेरेला कळू नये’ ही ओळ झाकून झेरॉक्स काढली. हे खोटं नाही. समास सोडण्यासारखं आहे.

२१ मे, सोमवार

बत्तीस. अहवाल पूर्ण. चौदा पानं, दोन आलेख. साहेबांना दिला नाही. थेट बँकेला, सान अंतोनियोला, रजिस्टर पोस्टाने.

जेवताना बाबा हसून म्हणाले, “काय गं, चाललाय ना तुझा रस्ता?” मी म्हणाले, लवकरच आणखी चालेल. बाबांनी आईकडे पाहिलं. दोघं किती खूश दिसत होती. त्यांना काय माहीत, मी त्यांना कशातून सोडवतेय.

२९ मे, मंगळवार

बँकेच्या मिसेस किरोगा आल्या. सुटाबुटातल्या, पण बोलणं आपल्याच गावचं. जन्म इथलाच, साखरेच्या गोदामामागे, असं म्हणाल्या. साहेब, त्या आणि मी, तिघंच. माझा अहवाल टेबलावर. कडेला पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. कोणी माझं लिहिलेलं एवढं बारकाईने पहिल्यांदाच वाचलं.

त्यांनी त्यातून यादीची झेरॉक्स बाहेर काढली. ओळींवरून बोट खाली नेलं. मग विचारलं, “तुझ्या पंधराव्याला केकचे पाद्रिनो कोण होते?”

चोनकाका, मी म्हणाले.

“आणि ड्रेसचे?”

रेफुखियोकाका, पलीकडचे. तेव्हापासून भेटले नाहीत.

“मग ही यादी तुला ओळखू येत नाही, पोरी?”

मी यादीकडे पाहिलं. डिझेल – चोन. जेवण – बायको. सोमवारचे पाद्रिनो. मंगळवारचे पाद्रिनो. ज्याने जे उचललं ते त्याने पार पाडलं.

माझ्या नोकरीचे पाद्रिनो.

इलिझोंदोसाहेबांनी कपाळाला हात लावला. “मी काय आंधळा होतो? दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं मी. दोन महिने गप्प बसलो. दोन दिवस, बाई गं! फक्त दोन दिवस राहिले होते!”

मिसेस किरोगा म्हणाल्या, या कंपनीतून गेल्या दोन वर्षांत त्यांच्याकडे आलेला हा एकमेव प्रामाणिक कागद. त्यांना वाईट वाटत होतं, तरी त्यांनी एकूण आकड्यातून बत्तीस वजा केले. उरले ते त्यांनी बँकेच्या कागदावर लिहिले. मी नजर वळवली, पण आकडा मला माहीत होता. हिरव्या वहीत मीच लिहिला होता. पाच.

३० मे, बुधवार

सकाळी आठही जण आले. त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. मिशीवाला म्हणाला, गुड मॉर्निंग. मी टोल घेतला. प्रत्येकाला पावती दिली. का दिली, माहीत नाही.

बाबांना मीच सांगितलं. चौदा पानं, पोस्ट, सगळं. वाटलं ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, “माझं नाव वगळलंस?” मी हो म्हणाले. म्हणाले, “कशाला वगळलंस? बाकीच्यांची दिलीस ना.” मग चोनकाकांना फोन करायला उठले. दार लावून घेतलं.

३ जुलै, मंगळवार

कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव. सकाळी दहा ते सव्वादहा. बोली एकच. रँचवाले हॅट हातात धरून उभे होते, कोणी आजारी असल्यासारखे. साहेबांनी मला शिफारसपत्र दिलं: ‘अतिशय बारकाईने काम करते.’

संकल्प: करायचा नाही.

८ जुलै, रविवार

नव्या मालकाचं अजून काही ठरलेलं नाही, तोवर दांडी वर करून ठेवलीय. टोल नाही. बाबा म्हणाले, चल, बघू तरी. दोन महिने त्यांनी दुसऱ्यांना पाठवलं, स्वतः आले नव्हते. मी ओळखलं असतं.

मुंडकं घेऊनच गेलो, मी शेजारी. माझ्या काचेच्या खोलीपाशी बाबांनी वेग कमी केला. आत खुर्ची होती, बाकी काही नाही. बावीस मैल. एकही गाडी नाही. दोन्हीकडे मेस्कीटची झुडपं, मध्ये एक घोरपडीसारखं काहीतरी, तेही पलीकडे जाईना. बाबांनी तीस वर्षांत एवढ्या गुळगुळीत रस्त्यावर चालवलं नसेल. एका हाताने चालवत होते, गुणगुणत. म्हणाले, “झकास बांधलाय गं. खरंच झकास.”

हायवेला लागलो. तिथे पंप नाही, गोदाम नाही, साधी टपरी नाही. बाबांनी कडेला थांबवलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“आता?” म्हणाले.

उत्तर अहवालात होतं, पण ते मला आठवेना.

परत जुन्या रस्त्याने आलो, गावातून. पुलाच्या अलीकडे रांग लागलेली. धूर, हॉर्न, उन्हात तापलेले ट्रेलर, खिडकीतून हात बाहेर काढून पाणी घेणारे ड्रायव्हर. चाळीस मिनिटं अडकलो. सवयीने मोजले. एकशे सत्तावीस. कोणीही कोणाला पाठवलं नव्हतं.