पहिली घागर

४ एप्रिल २०१६
वेड नेमकं कुठून सुरू होतं? पदवी हातात असून मला याचं उत्तर देता येत नाही, हे इथे तरी कबूल करते. पण आज मी खूश आहे. दूध संघाने गावासाठी समुपदेशक नेमली, आणि ती मी! मेंढ्यांमागे फिरणाऱ्या आमच्या घरातली पहिली पदवीधर. घाटनांदूरहून जीपने आले. चेअरमन विठ्ठलरावांनी चहा पाजला. दूध संघात काळा चहा. दुष्काळ आहे, चालायचंच.

६ एप्रिल
टँकर कोरड्या विहिरीत रिकामा करतात आणि बाया दोर टाकून शेंदतात. इथवर ठीक. पण प्रत्येक बाई पहिली घागर परत विहिरीत ओतते! रांगेतल्या सुंदरबाईला कारण विचारलं, तर म्हणे विहीर मागती, तुमाला ऐकू येत न्हाई का? घोटभर पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या या बाया. कीव तरी किती करावी?

ओतत नाही ती फक्त चतुराबाई. म्हणाली, "विहिरीला तहान लागती म्हनं! अन् माझ्या म्हशीला काय ढेकर येत्यात?" गावात एकच शहाणी.

११ एप्रिल
चतुराबाई वेडी आहे, असं विठ्ठलरावांना माझ्याकडून लेखी हवंय. म्हणजे तिला गावातून हलवता येईल. ती देत नाही म्हणून विहीर बाकीच्यांकडे जास्त मागते, असं हा शिकलेला माणूस सांगतो! मी प्रशिक्षणातले प्रश्न ऐकवले. माणसाला त्रास होतो का? रोजची कामं अडतात का? भोवतालच्यांना ते विपरीत वाटतं का? हसून म्हणाले, मग लावा की मॅडम, समद्यांना लावा.

लावले. गाव निवांत झोपतं, कामं करतं, कुणाला काहीच विपरीत वाटत नाही. चतुराबाईला झोप नाही. संघ तिचं दूध घेत नाही. लोक तिची सावली टाळतात. सगळी उत्तरं तिच्याच विरुद्ध.

मूर्ख प्रश्न. मूर्ख गाव. मी काहीही लिहून देणार नाही.

१७ एप्रिल
भर दुपारी काठावर उभी होते. खालून कुणीतरी कोरडे ओठ चाटल्यासारखं—

ऊन लागलं असेल. दुसरं काय.

१९ एप्रिल
मागते. स्पष्ट मागते. मी माझी घागर ओतली आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. सुंदरबाईने पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, आता बऱ्या झालात. चतुराबाईने माझी रिकामी घागर पाहिली, मला पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, तुमी बी?"

तिची ती नजर. जशी काही मीच—

२२ एप्रिल
ओतूनही थांबत नाही. चतुराबाईचा वाटा मागते. माझ्याकडे. सगळ्यांना ऐकू येतं ते तिला एकटीला येत नाही— यालाच तर विकार—

२३ एप्रिल
उपचार सकाळीच उरकला. ऐकू यावं म्हणून तिला काठावर नेलं, वाकवलं. गाव लांब उभं होतं. हात माझेच.

विहीर गप्प झाली.

आता पुन्हा. पण आवाज चतुराबाईचा. पाणी मागत नाही. एवढंच म्हणते, मॅडम, तुमी बी—