विदूषकाच्या वेण्या

अर्विंग, शुक्रवार

प्रिय देवांग,

नऊ वर्षं तुला ‘देवांगराव, तुम्ही’ म्हणत आलो. जावयाचा मान म्हणून कमी, लांब ठेवायला जास्त. आज सासरा एकेरीवर येतोय, कारण लिहायचंय ते ‘तुम्ही’ म्हणून लिहिता येणार नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत रविवारची मराठी शाळा भरते. माझ्या नातीला, स्वानंदीला, तूच सोडतोस. या महिन्यात पोरांकडून कागदी विदूषक करून घेतोय. आंब्याच्या खोक्यांचा पुठ्ठा, खांद्या-मांड्यांना दोन पायांच्या पितळी पिना, मागे दोरी. दोरी ओढली की हातपाय एकदम वर. टोपीच्या टोकांना पूजेच्या सामानातले घुंगरू. आणि नियम माझाच: राजाच्या दरबारात विदूषकाला सगळं माफ असायचं, तेव्हा तो हातात असेतोवर काहीही बोला, कुणी रागावणार नाही. अनीशचा विदूषक म्हणाला, “काका, युअर समोसाज आर कोल्ड.” मी हसलो. होतेच गार.

मग स्वानंदी उठली. तिच्या विदूषकाच्या टोपीला टोकं नव्हती, लोकरीच्या दोन घट्ट वेण्या होत्या. माझ्यासारखी खाकरली, दोरी ओढली आणि माझ्याच सुरात म्हणाली, “रेणू, बाबांचं ऐक. सोड त्याला. पोरीला घे आणि इकडे ये.” पोरं खदाखदा हसली. तुझ्या सासूच्या हातातली कात्री तिथेच थांबली.

माझे कान तिखट, हे तू जाणतोस. इथे आलो तेव्हा हॉटेलात भांडी घासता घासता इंग्रजी नुसतं ऐकून शिकलो. आजही गल्ल्यावर बसून मागचा कुठला फ्रीज कुरकुरतोय ते सांगतो. ज्या मंगळवारी हे मी रेणूला फोनवर म्हणालो, तेव्हा मागे गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक मला नीट ऐकू आली होती. फोन स्पीकरवर आहे का, मागच्या सीटवर कोण आहे, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. तुझी नोकरी जाऊन सात महिने झालेले, आणि मी, स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलेला शहाणा, सल्ले देत सुटलो होतो. रेणू एवढंच म्हणाली, “बाबा, सिग्नल ग्रीन झालाय,” आणि फोन ठेवला. ते बोलणं माझं आहे, तिचं नाही. एवढं लक्षात ठेव.

वर्ग सुटल्यावर पोरगी जवळ आली. या वेळी दोरी ओढली नाही. स्वतःच्याच आवाजात विचारलं, “आबा, देन हू विल डू माय वेणी?” रोज सकाळी तू घालतोस म्हणे. मला माहीत नव्हतं.

परवा रविवारी चार वाजता पालकांसमोर खेळ आहे. तुम्ही दोघं पहिल्या रांगेत असाल आणि ती तेच बोलणार. बुधवारच्या तालमीतही बोलली. नियम बदलायला मला एक वाक्य पुरे. तुझी सासू म्हणते, बदला हो. दोन दिवस ते वाक्य ओठावर येतंय आणि मी गिळतोय. बदललं, तर पोरीला कळेल की खरं बोलायची मुभा आबाच्या सोयीपुरती होती. पण भर सभेत ते पहिल्यांदा तुझ्या कानावर पडू नये, म्हणून हे पत्र. एक विदूषक मीही केलाय. वाकडा झालाय, एक पाय वरच जात नाही. स्वानंदीनंतर त्याची पाळी. तो काय बोलेल ते आत्ताच सांगतो: देवांग, मी चुकलो. तू समोर असलास तर त्याला ते बोलता येईल.

तुझाच,
मनोहर