दसऱ्याचं पोलकं

विजयनगर, म्हैसूर
२ सप्टेंबर २०३४

चि. कावेरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या केंद्रातल्या बाईंना मेल केलं की त्या ते अंतराळ स्थानकावर पोचवतात, असं कळलं. उद्या तुमचं यान उडेल आणि तुझ्यामागोमाग हे पत्र.

तक्रार तुझ्या बाबांची, म्हणजे आमच्या दादाची आहे. तू दसऱ्याच्या तोंडावर परतणार म्हणून पोलक्याला मी जांभळं रेशीम आणून दिलं, पण स्वतः टेलर असून आमचा हा नागोजीराव कात्री लावील तर शपथ. घराबाहेर गेलेल्या माणसाचं कापड ते माणूस परत येईपर्यंत कापायचं नाही, ही आपली रीत. मग पोरीने सणाला काय घालायचं, असं विचारलं तर म्हणतो, बघू. काळजी अजिबात नाही म्हणे. परवा गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, त्या बहुतेक आनंदाने.

वर गेलीस म्हणून लोभ पातळ करू नकोस.

तुझी मालतीआत्या


अंतराळ स्थानक
६ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न.

सुखरूप पोचले. पहिल्या खेपेला आम्ही स्थानकाच्या दाराशी येऊन मागे फिरलो, ते टीव्हीवर पाहिलंच असेल. अंतर मोजणारं यंत्र भलतंच सांगू लागलं, तेव्हा मीच यान मागे घेतलं आणि नंतर हाताने चालवत नेऊन जोडलं. भीती वाटली, पण काम चुकलं नाही. यासाठीच तर इतकी वर्षं सराव केला.

बाबांना सांग, रेशीम राहू दे. रीत मोडून जिवाला घोर नको. शिवाय इथे वजन नसल्याने माझी उंची दोन बोटं वाढली आहे. माप चुकलं तर बोलणी मीच खाईन.

सर्वांस नमस्कार, बाबांना जरा जास्त.

तुझी कावेरी


विजयनगर
७ सप्टेंबर

चि. कावेरीस अ. आ.

तुझा निरोप उशिरा आला गं. यान मागे फिरल्याचं टीव्हीवर सांगितलं आणि वहिनी विठोबासमोर जाऊन बसली. दादा उठून दुकानात गेला. त्याला बघवत नसेल म्हणून मी मागोमाग गेले, तर टेबलावर रेशीम पसरून तो खडूने आखत होता. मला रागच आला. ती अजून बाहेर आहे, आजचाच दिवस सापडला का, असं मी त्याला चांगलं सुनावलं. बर्ताळे बिडु, येईलच ती, एवढंच कानडीत म्हणून त्याने कात्री चालवली. डोळे भरून वाहत होते. मग मीही कापडाचं दुसरं टोक धरलं.

तुम्ही जोडले गेल्याचं वहिनीने आतून ओरडून सांगितलं, तोवर पोलक्याची पाठ कापून झाली होती.

आता ये. बाकी क्षेम.

तुझी मालतीआत्या